पे अँड यूजचा रिव्ह्यू : दंड बोर्डावर, दहाची नोट गल्ल्यात (२ स्टार)

जागेचं नाव घालत नाही. कोल्हापुरात भाविकांची कायम गर्दी असती अशा ठिकाणी, पार्किंगला लागून, ठेक्यावर चालवायला दिलेलं पे अँड यूज शौचालय आहे एवढं पुरे, ओळखणारे ओळखतील. माझं दुकान तिथनं दोन मिनटावर, त्यामुळं जाणं रोजचंच, एका दिवसाच्या रागातनं लिहिलेला रिव्ह्यू नाही हा.

आधी चांगलं सांगतो. पाणी असतंय, उन्हाळ्यातबी असतंय. सकाळच्या शिफ्टला ज्या मावशी आहेत त्या असताना गेलासा तर फरशी कोरडी, फिनेलचा वास, बादली धुऊन पालथी घातलेली. दोन स्टार त्यांचेच. त्या गेल्या की मग सगळं रामभरोसे. कडी तुटलेली, दार एका हातानं धरून बसायचं, आणि बायकांच्या बाजूचा बल्ब गेलाय तो गेलाच, आमच्या घरचे मोबाईलची बॅटरी लावून जातात.

दर बोर्डावर लिहिल्यात, लघवीला फ्री आणि संडासला ५ रुपये. गल्ल्यावर सरसकट १०. "दादा, बोर्डावर पाच लिवलंय की," म्हणलं तर "काका, सुट्टं न्हाई." पावती दे म्हणलं की पुस्तक संपलेलं असतंय. आणि त्याच बोर्डावर खाली लाल अक्षरात, जादा पैसे घेतल्यास ठेकेदारावर दंडात्मक कारवाई करण्यात येईल, तक्रारीसाठी संपर्क, आणि मोबाईल नंबरचे शेवटचे दोन आकडे कुणीतरी खिळ्यानं खरवडून काढल्यात. नाद खुळा.

पण खरी गंमत दारामागं आहे. तिथं साफसफाईचा तक्ता चिकटवलाय, दर दोन तासाला सफाई करून सही करायची. मी गेलतो दुपारी बाराच्या सुमाराला, तर संध्याकाळी सहाच्या रकान्यात सही, आठच्याबी रकान्यात सही, सगळ्या एकाच निळ्या पेनानं एकाच दमात मारलेल्या. गल्ल्यावरच्या पोराला विचारलं तर म्हणतोय, "साहेब आलं की तेवढंच बघत्यात, भरलेलं पायजे." म्हणजे ठेकेदारानं काम केलं का नाही हे ठरवायचं कशावरनं तर ठेकेदाराच्याच माणसानं भरलेल्या कागदावरनं. मग दंड बसणार कुठनं, डोंबल!

आमच्या कट्ट्यावर एक गडी कायम सांगत असतोय की परदेशात असलं चालत नसतंय, तिकडं जेलसुद्धा कंपन्या चालवत्यात आणि चुकलं की करोडोचा दंड. दंड होतोय हे खरं आहे, पण कधी होतोय ते बघा. अमेरिकेत आयडाहो राज्याचं एक जेल सीसीए नावाच्या कंपनीकडं होतं, तिथं मारामाऱ्या एवढ्या की लोकांनी त्याला ग्लॅडिएटर स्कूल नाव पाडलेलं. आणि कंपनीनं २०१२ मध्ये काही महिन्यांत जवळजवळ ४८०० तास पहारेकरी ड्युटीवर होते असं रेकॉर्डला दाखवलं, प्रत्यक्षात जागेवर माणूसच नव्हता. आमच्या दारामागचाच तक्ता, फक्त जेलच्या साईजचा. २०१४ ला १० लाख डॉलर भरून मिटवलं आणि त्याच वर्षी राज्यानं जेल परत घेतलं.

इंग्लंडात जेलबाहेर सोडलेल्या कैद्यांवर नजर ठेवायला त्यांच्या पायाला इलेक्ट्रॉनिक पट्टा लावायचं काम जीफोरएस आणि सर्को या दोन कंपन्यांकडं होतं. त्यांनी बिलं कुणाकुणाची लावली, तर जे परत जेलात गेलते त्यांची आणि काही तर मेलेल्यांचीसुद्धा. २०१३ ला बाहेर आलं, मग सर्कोनं ६.८५ कोटी पौंड आणि जीफोरएसनं जवळजवळ १०.९ कोटी पौंड सरकारला दिले. बर्मिंगहॅमचं जेलबी जीफोरएसकडंच होतं २०११ पासनं, तिथं डिसेंबर २०१६ ला मोठा दंगा झाला, तरी सरकारनं ताबा घ्यायला ऑगस्ट २०१८ उजाडलं, आणि तेबी तपासणी करणारे स्वतः आत जाऊन आल्यावर. शेवटी कंपनीनं ९९ लाख पौंड भरले.

आता आपलं गणित धरा. दिवसाला ५०० माणसं आली आणि प्रत्येकाकडनं ५ जास्त घेतले तर अडीच हजार झाले, रोजचे. दंड चुकून लागला आणि समजा हजार लागला, तरी तो धंद्यातला खर्च म्हणून कुणीबी हसत भरंल. त्यात मावशी सांगत होत्या की मागं एकदा खरंच दंड लागलेला, तर मालकानं तो त्यांच्या पगारातनं कापला. म्हणजे जी एकटी बाई काम करतीय तिलाच दणका. कोल्हापूरकराला करार काय असतोय हे वेगळं सांगायची गरज नाही म्हणा. शहरातल्या रस्त्यांवरच्या टोलचा कंपनीबरोबरचा ३० वर्षांचा करार मोडायला एन. डी. पाटील, पानसरे अण्णा आणि अख्खं शहर रस्त्यावर उतरलेलं, टोल गेला, पण कंपनीला सरकारी तिजोरीतनं चारशे कोटींच्या वर द्यावे लागले. ठेकेदारानं करार मोडला तर हजार आणि आपण मोडला तर कोटी.

माझं म्हणणं एवढंच की दंडाचा आकडा वाढवा न वाढवा, तपासणी त्याच्या तक्त्यावरनं करू नका. साहेबांनी साध्या कपड्यात यावं, १० ची नोट द्यावी आणि पावती मागावी, दोन मिनटात अहवाल तयार. आणि दंड पगारातनं कापायचा नाही असं करारात लिहा. करार बघायचा असंल तर माहिती अधिकारात मिळतोय, १० रुपयाचं कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज टाकायचा. मी टाकलाय, आला की दंडाचं कलम इथंच टाकतो.

तोवर जाणाऱ्यांसाठी : सकाळी दहाच्या आत जावा. सुट्टं ५ खिशात ठेवा. पावतीपुस्तक संपलेलं नसतंय, गल्ल्याच्या खालच्या कप्प्यात अगरबत्तीच्या पुड्याखाली असतंय, बोट दाखवून मागा.