बिनसुपारीचं पान आणि खर्रा बंद केलेला ठेला

नागपुरात आमच्या वस्तीच्या तोंडाशी काकांचा पानठेला आहे. चौदा वर्षं मी तिथे रोज गेलो, खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण, घ्यायला. आता आठवड्यातून दोनदा जातो, पान खायला. तेव्हा हा अभिप्राय जुन्या गिऱ्हाइकाचा आहे असं समजा.

आधी पान. रामटेककडचं कपुरी, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेलं. माझ्या पानात काका चुना, काथ, सुपारी काहीच घालत नाहीत. गुलकंद, बडीशेप, खोबऱ्याचा कीस, बस्स. मग विडा न बांधता कात्रीने बारीक चिरतात आणि कागदावर देतात, सोबत चमचा. कारण माझं तोंड पुरतं उघडत नाही. २०२३ च्या पावसाळ्यात सरकारी दवाखान्यात डॉक्टर मॅडम म्हणाल्या, ‘तीन बोटं उभी तोंडात घाला.’ दोनही धड गेली नाहीत. गाल आतून दोरी ताणल्यासारखे ताठ झाले होते. मला वाटायचं दोष फक्त तंबाखूचा. मॅडमनी सांगितलं, हे सुपारीनं होतं, आणि सुपारीही कॅन्सर करणारी आहे. तेव्हापासून घरी रोज आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरतो, तोंड मोकळं व्हावं म्हणून. सध्या एकोणीस काड्या जातात.

बाहेरगावच्यांना खर्रा माहीत नसेल तर सांगतो. सुपारीची खांडं, तंबाखू, चुना, पाण्याचा शिंतोडा. सगळं प्लास्टिकच्या पन्नीत घालून फळीवर तळहाताने घोटायचं, सुपारी ओली होऊन रंग धरेपर्यंत. दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढा वेळ गिऱ्हाईक समोर उभं असतं, बोलत असतं, घरचं सांगत असतं. काकांच्या उजव्या तळहाताला त्या घोटण्याचा घट्टा पडलाय, अजून गेला नाही.

दवाखान्यातून आलो तो थेट ठेल्यावरच गेलो, सवयच तशी. काकांनी विचारलं, ‘किती बोटं?’ मी दाखवली. त्यांनी पन्नी उचलली होती, ती खाली ठेवली. त्या दिवशी मला खर्रा मिळाला नाही, त्यानंतरही नाही. मी चिडलो, दुसरीकडून आणला, पुढचे चार महिने आणतच होतो. हे लपवण्यात अर्थ नाही. नंतर काकांनी रोजच्या गिऱ्हाइकांना दोन खर्र्यांच्या वर देणं बंद केलं आणि दसऱ्यापासून खर्राच बंद. गल्ला निम्म्यावर आला, हे त्यांनीच सांगितलं. आता तिथे फुटाणे, चिक्की, पाण्याच्या बाटल्या दिसतात. मी एकदा विचारलं, असं का केलं. म्हणाले, ‘गुटख्याची पुडी कंपनी बांधते बावा. खर्रा तर मीच घोटतो न.’

तोंड माझं होतं, पैसे माझे होते. घरी बायको सांगून थकली, मोठी मुलगी माझ्याशी महिनाभर बोलली नाही. माझ्या खाण्याचा दोष मी कुणावर ढकलत नाही. पण ‘खाणारा शहाणा आहे, त्याचं तो बघेल’ असं म्हणून काकांनी हात झटकले नाहीत, याचं मला फार मोल वाटतं. माझी चूक माझी म्हणून विकणाऱ्याचा वाटा संपत नाही. दोघांचे वाटे वेगळे, दोघांनी आपापला उचलायचा.

गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे. पुढे खर्राही त्याच बंदीत आला. तरी आमच्याकडे कुठल्या चौकात मिळत नाही ते सांगा. शाळेच्या वाटेवरच्या एका ठेल्यावर नववीतली पोरं ‘बाबांनी मागवला’ म्हणतात आणि त्यांना मिळतो. दप्तर पाठीवर असतं, ओळखपत्र गळ्यात असतं. १८ वर्षांखालच्याला तंबाखू विकणं २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि २०१५ च्या बालन्याय कायद्यात मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद लिहिलेली आहे. मी त्या ठेल्यावरच्या भावाला बोललो. तो म्हणाला, ‘मी नाही दिला तर पलीकडचा देईल.’ पलीकडचाही हेच म्हणतो. काकांकडेही अशी पोरं यायची, खर्रा चालू होता तेव्हासुद्धा. काका म्हणायचे, ‘बाबांनाच पाठव.’ एकाही पोराचे बाबा आले नाहीत.

पाचपैकी चार तारे देतोय. एक कापला, कारण काका अजून सिगारेट ठेवतात आणि सुट्टी विकतात. सुट्टी सिगारेट विकायला राज्यात सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे. मी बोललो तर म्हणाले, ‘ते कंपनीचं आहे, मी फक्त काढून देतो.’ हे मला पटलेलं नाही. काढून देणारा हातही त्यांचाच आहे. दोन नातवंडांच्या शाळेची फी ते भरतात हे मला माहीत आहे, तरी पटलेलं नाही, आणि मी हे पुन्हा पुन्हा बोलणार आहे. ते ऐकून घेतात, रागावत नाहीत.

साधं पान १५ रुपये, गुलकंदाचं २५. संध्याकाळी सातच्या आत गेलात तर पानं ताजी मिळतात, नंतर कडा सुकतात. सोमवारी ठेला बंद असतो. आणि बिनसुपारीचं हवं असेल तर पान हातात घेण्याआधीच सांगा, काकांचा हात सवयीने सुपारीच्या डब्याकडे जातो.