शंभरावं पुस्तक : आठ महिने जवळ बाळगल्यावर

वाचलेल्या पुस्तकांची नावं मी एका दोनशेपानी वहीत लिहिते. पुढं तारीख, वाचून संपल्याची. गेल्या दिवाळीत आकडा नव्याण्णववर आला आणि गाडी अडली. त्यातली साठेक तरी बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयातली. वाचनालय १८४८ सालचं, पुस्तकं भरपूर, पण परत करावी लागतात. शंभरावं परत द्यायचं नाही, एवढं आधी पक्कं केलं.

"शंभरावं म्हणजे जाडजूड पायजे की वहिनी, कपाटात उठून दिसाय पायजे," भाऊजी म्हणाले. मी आणला इंदिरा संतांचा 'गर्भरेशीम' हा कवितासंग्रह. भाऊजींनी उलटासुलटा करून बघितला, "एवढंच?" म्हणून परत दिला.

इंदिराबाई बेळगावच्या. जन्म १९१४ चा, विजापूरकडच्या इंडीचा; पण नोकरी, संसार, लिहिणं इथलं. याच संग्रहाला १९८४ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शाळेत 'गवतफुला' पाठ करून घेतली, पण ही आपल्या गावची बाई असं कुणी सांगितलं नाही. मला ते पस्तिशीत कळलं. राग अजून आहे.

आता तक्रारी. खानापूर-बेळगाव बसमध्ये हे पुस्तक चालत नाही. कादंबरी असली की वाटेतलं मच्छे गाव कधी आलं ते कळत नाही. इथं कंडक्टर "मुंद होगरी" (पुढं चला) ओरडला की ओळ तुटते आणि पहिल्यापासून सुरू करावी लागते. आठवडाभरात नाद सोडला. आता रात्री भांडी आवरल्यावर एक कविता, कधी अर्धीच. दुसरं, पावसाळा. खानापूरच्या पावसात पानं फुगली, कडेला तपकिरी ठिपके आले. शेवटी कागदात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवलं. ठिपके गेले नाहीत, वाढायचे मात्र थांबले.

लेक कन्नड शाळेत जाते, मराठी बोट ठेवून वाचते. मुखपृष्ठावरचं नाव लावलं आणि विचारलं, "आई, रेशीम माहीत आहे. गर्भरेशीम काय?" मला धड सांगता येईना. ट्रंकेतून सासूबाईंचं गर्भरेशमी लुगडं काढून तिच्या हातात दिलं. तिनं ते गालाला लावलं, बराच वेळ तसंच धरलं. मग लुगडं मांडीवर घेऊनच पुस्तक उघडलं. त्या रात्री तिनं चार ओळी वाचल्या, जोडाक्षरांना अडखळत. दोन शब्द मलाही अडले. माझ्या मते पैसे तिथंच वसूल झाले.

नुसता आकडा गाठायचा असेल तर कवितासंग्रह घेऊ नका. मला वाटलं होतं दोन दिवसांत उरकेल. एकशे एकावं सुरू करायलाच दोन महिने गेले. आता वहीत एकशे सातपर्यंतच्या तारखा भरल्यात, शंभरासमोरची जागा कोरी होती. परवा लेकीनं तिथं पेन्सिलनं तिचं नाव लिहून ठेवलं, कन्नडमध्ये.