जिराचा फुकट प्लॅन: नाशिकच्या छोट्या टीमला पुरतो का?

कॉलेज रोडच्या नाहीतर इंदिरानगरच्या फ्लॅटवजा ऑफिसात पाच-आठ जणांची सॉफ्टवेअर टीम, आणि गिऱ्हाईक म्हणजे अंबड-सातपूरचे कारखाने किंवा पिंपळगाव-दिंडोरीकडची द्राक्षांची पॅकहाउसं. अशा टीमने अ‍ॅटलासियनचं जिरा, म्हणजे प्रत्येक कामाचं एकेक कार्ड करून बोर्डावर मांडणारं टूल, घ्यावं का? फुकट प्लॅन जरूर घ्यावा, पण जसा येतो तसा वापरू नये. लोक जिराच्या नावाने बोटं मोडतात, त्यातलं निम्मं दुखणं पहिल्या दिवशीच्या सेटिंगमधलं असतं.

आधी मर्यादा. दहा जणांपर्यंत फुकट, जागा २ जीबी. अकरावा माणूस आला की त्याच्या एकट्याचे नाही, अकराही जणांचे पैसे लागतात. टेस्टरने स्क्रीन रेकॉर्डिंगं थेट कार्डाला जोडायची सवय लावून घेतली तर २ जीबी बघता बघता संपतात. व्हिडिओ ड्राइव्हवर ठेवून कार्डात लिंक द्यावी. ऑटोमेशन, म्हणजे कार्डं आपोआप हलवणारे नियम, महिन्याला १०० वेळा चालतं. ऐकायला भरपूर वाटतं, पण ‘कोड मर्ज झाला (मुख्य कोडात मिसळला) की कार्ड पुढे सरकव’ हा एकच नियम दिवसाला पाच वेळा चालला तरी २२ दिवसांत ११० होतात. म्हणजे महिनाअखेरीला, नेमकं रिलीजच्या तोंडावर, कार्डं हातानेच ढकलायची.

खरी अडचण परवानग्यांची. कोणाला काय दिसावं हे फुकट प्लॅनमध्ये बदलता येत नाही. अंबडच्या एका कारखान्याच्या माणसाला ‘तुमचं काम तुम्हीच बघा’ म्हणून लॉगिन दिलं, तर त्याला दुसऱ्या कारखान्याची कार्डंही दिसणार. गिऱ्हाइकाला आत घेऊच नये. शुक्रवारी बोर्डाचा स्क्रीनशॉट पाठवला तरी त्याचं भागतं. ‘डेटा आमच्याच आवारात हवा’ म्हणणारं गिऱ्हाईक असेल तर हा विषयच बाद, कारण स्वतःच्या मशीनवर बसवायच्या जुन्या सर्व्हर आवृत्तीचा सपोर्ट १५ फेब्रुवारी २०२४ ला संपला.

नवा प्रोजेक्ट उघडताना (आताच्या स्क्रीनवर त्याला स्पेस म्हणतात, आणि इश्यूला, म्हणजे आपल्या कार्डाला, वर्क आयटम, जुने व्हिडिओ बघून शिकणारे इथेच गोंधळतात) टीम-मॅनेज्ड (सेटिंग त्या प्रोजेक्टपुरतं) की कंपनी-मॅनेज्ड (सेटिंग अॅडमिनकडे, प्रोजेक्टांत सामायिक) असा प्रश्न येतो. टीम-मॅनेज्ड सोपं दिसतं म्हणून लोक तेच निवडतात. पुढे बदलायचं म्हटलं तर बटण नाही. नवा प्रोजेक्ट काढून कार्डं हलवावी लागतात. शिवाय दोन्हींत स्टोरी पॉइंटचं (काम किती मोठं याच्या अंदाजी आकड्याचं) फील्ड वेगळं, त्यामुळे हलवताना पॉइंट गळतात. सुरुवातीपासून कंपनी-मॅनेज्ड घ्यावं.

आता बर्नडाउन चार्ट, म्हणजे स्प्रिंटमध्ये (एक-दोन आठवड्यांच्या ठरवलेल्या टप्प्यात) किती काम उरलं ते दाखवणारी रेघ. त्याच्यावर सगळ्यात जास्त अन्याय होतो. जिरा फक्त सगळ्यात उजव्या कॉलममधलं कार्ड पूर्ण झालं असं धरतं. ‘डन’च्या पुढे कोणी ‘गिऱ्हाइकाकडे तपासणी’ असा कॉलम जोडला की काम होऊनही रेघ आडवीच राहते आणि स्प्रिंटच्या शेवटच्या दिवशी कड्यावरून पडल्यासारखी खाली येते. सबटास्कना (स्टोरीच्या, म्हणजे मूळ कार्डाच्या, तुकड्यांना) दिलेले पॉइंट चार्ट मोजत नाही. पॉइंट मूळ स्टोरीवरच टाकावेत. स्प्रिंट सुरू झाल्यावर पॉइंट भरले तर ते वाढीव काम म्हणून दिसतात, आणि व्हेलॉसिटीच्या (दर स्प्रिंटला किती पॉइंट होतात त्या हिशेबाच्या) कबूल केलेल्या आकड्यात येत नाहीत. म्हणून स्टार्टचं बटण दाबण्याआधी एकही कार्ड बिनपॉइंटाचं ठेवू नये.

चार्टात शनिवारचं काय? बोर्डाच्या सेटिंगमध्ये कामाचे दिवस निवडता येतात, पण ‘दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी’ असं सांगायची सोय नाही. शनिवार कामाचा म्हणून टिक करावा आणि सुट्टीच्या शनिवारांच्या तारखा एकेक करून खाली भराव्यात. २०२७ च्या सिंहस्थात शाहीस्नानाच्या दिवशी शहरात गाडी हलणार नाही. त्या तारखाही तिथेच टाकता येतील. टाइमझोनही त्याच पानावर आहे, तो आशिया/कोलकाता असल्याची खात्री करावी.

कार्ड कसं लिहावं हे मात्र कोणतंच टूल शिकवत नाही. ‘गेटपास’ एवढंच लिहिलेलं कार्ड आठ पॉइंटांचं होतं आणि तीन स्प्रिंट फिरतं. त्याऐवजी: ‘स्टोअरकीपरने काट्यावरचं वजन भरलं की गेटपासच्या दोन प्रती निघाव्यात.’ खाली अटी: वजन रिकामं असेल तर प्रिंटचं बटण बंद, पुन्हा प्रिंट काढली तर वर ‘डुप्लिकेट’ छापलं जावं, नेट गेलं तर भरलेलं वजन पुसलं जाऊ नये. हे तीन पॉइंटांत बसतं, आणि टेस्टरला विचारत फिरावं लागत नाही. तिसरी अट अंबडमध्ये विसरूच नका.

द्राक्षांच्या हंगामात, जानेवारी ते एप्रिल, पॅकहाउसचे फोन दिवसभर वाजतात. तेव्हा दोन आठवड्यांचा स्प्रिंट ठरवून काही उपयोग नाही. कंपनी-मॅनेज्डचा फायदा इथे कळतो: त्याच कार्डांवर दुसरा कानबान बोर्ड (स्प्रिंट न ठरवता काम येईल तसं सरकवायचा) लावता येतो. तीन डेव्हलपर असतील तर ‘चालू’ कॉलमला चारची मर्यादा घालावी. पाचवं कार्ड आलं की कॉलम लाल होतो. अडवत मात्र कोणालाच नाही, तेव्हा लाल दिसल्यावर नवं काम न उचलता अडलेलं कार्ड सोडवायचं हा नियम टीमनेच पाळायचा.

टीमचा कोड जिथे ठेवतात त्या गिटहबशी जोडणी फुकटात होते. कार्डाचा नंबर ब्रँचच्या (कोडाच्या वेगळ्या फांदीच्या) नावात कॅपिटल अक्षरांत असावा. कमिटच्या (कोडातला बदल नोंदवतानाच्या) मेसेजमधून कार्डावर कॉमेंट टाकायची असेल तर गिटमधला ईमेल आणि जिराचा ईमेल एकच लागतो; घरच्या लॅपटॉपवर जीमेल सेट असलं की कॉमेंट पोचत नाही आणि कारण कोणाला सापडत नाही.

तीन जणांच्या टीमला एवढा पसारा नको, ट्रेलो किंवा गिटहब प्रोजेक्ट्स पुरे. मायक्रोसॉफ्टच्याच दुनियेत काम करणाऱ्या पाच जणांनी आधी अझ्युर डेव्हऑप्स बघावं, पाचपर्यंत तेही फुकट आहे. सहा ते नऊ जणांसाठी जिरा, आणि दहावी जागा शिकाऊ मुलांसाठी रिकामी ठेवावी.