सैनिकाची जुनी कागदपत्रे जतन करून देणारे नवी पेठेतील बाइंडिंगचे दुकान

माझे सासरे मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत, शिपाई होते. डिसेंबर १९७१ मध्ये, भारत-पाक युद्धात, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील (आजच्या बांगलादेशातील) जमालपूरच्या वेढ्यात, १० तारखेच्या रात्री शत्रूने वेढा फोडण्याचा प्रयत्न केला तेव्हा, उखळी तोफेच्या गोळ्याचा तुकडा मांडीत घुसून ते जखमी झाले. त्यांचे डिस्चार्ज बुक (सेवामुक्तीच्या वेळी मिळणारी सेवेच्या नोंदींची पुस्तिका), लष्करी रुग्णालयातील नोंदी आणि मेडिकल बोर्डाचा, म्हणजे अपंगत्व तपासणाऱ्या लष्करी डॉक्टरांच्या मंडळाचा, अहवाल घड्यांवर फाटू लागल्याने ही कागदपत्रे मी नवी पेठेतील एका जुन्या बाइंडिंगच्या दुकानात नेली.

सर्वांत मोलाची गोष्ट अशी की, दुकानदारांनी लॅमिनेशनला स्पष्ट नकार दिला, कारण उष्णतेने चिकटलेले प्लास्टिक पुढे कागद न फाडता निघत नाही. त्याऐवजी फाटलेल्या कडांना मागून पातळ कागद खळीने लावला आणि मूळ पाने न टोचता स्वतंत्र पाकिटांत ठेवली. शिवाय प्रत्येक पान दोन्ही बाजूंनी स्कॅन केले. हे फार आवश्यक होते, कारण डॉक्टरांचे शिक्के आणि बदललेली वैद्यकीय श्रेणी (सैनिकाच्या शारीरिक पात्रतेचा दर्जा) बहुधा मागच्याच बाजूला आहे. अपंगत्व निवृत्तिवेतनासाठी साधारणतः किमान २० टक्के अपंगत्व लागते आणि त्याचा आधार मेडिकल बोर्डाचा कागदच असतो, हे लक्षात घेता ही काळजी अवाजवी म्हणता येणार नाही.

दर थोडा जास्त वाटला आणि पावती मागून घ्यावी लागली. अनुक्रमणिका मात्र तारखेनुसार सुवाच्य लिहून मिळाली. मूळ कागद घरच्याच माणसाने नेऊन द्यावेत.