पापण्यांच्या ‘लेझर’मध्ये माझे ४९,९४० रुपये गेले

आकडा आधीच सांगते. पॅकेजचे ४६,५००, हप्त्यांची प्रोसेसिंग फी ५९० आणि घरी वापरायच्या किटचे २,८५०. एकूण ४९,९४० रुपये. सत्तावीस वर्षं मी दुसऱ्यांचे हिशेब तपासले आणि स्वतःच्या वेळी कागद न वाचता सही केली. लाजेपोटी महिनाभर घरातसुद्धा पूर्ण रक्कम सांगितली नव्हती. पण परवा कोथरूडला दुसऱ्या एका सोसायटीच्या गेटपाशी मला हे पॅकेज विकणाऱ्या लोकांचंच टेबल मांडलेलं दिसलं, म्हणून लिहितेय.

मला ब्लेफरायटिस आहे, म्हणजे पापण्यांच्या कडांची जुनाट सूज. ज्यांना हे दुखणं आहे त्यांना वेगळं सांगायला नको. सकाळी पापण्या चिपडांनी चिकटलेल्या, दिवसभर वाळू गेल्यासारखी चुरचुर, वर्षात तीनदा रांजणवाडी. स्कूटरवरून कर्वे रस्ता पार करेपर्यंत डोळे लालभडक. दोन वर्षं रोज शेक घेतला, पापण्या पुसल्या. अशा माणसाला कुणी ‘चार सिटिंगमध्ये कायमचं बरं’ म्हणालं तर तो ऐकणारच. मी हावरटपणाने फसले नाही, दुखण्याला कंटाळून फसले.

मोफत तपासणी शिबिर, मग सेंटरवर बोलावणं, मग ‘काकू, आजच बुक केलंत तर ५८,००० चं ४६,५०० मध्ये’. १५,००० तिथल्या तिथे यूपीआयने दिले. उरलेल्या ३१,५०० चे साडेतीन हजारांचे नऊ हप्ते.

मला कळायला हवं होतं ते पहिल्या सिटिंगला. खोलीच्या दारावर ‘हेअर रिडक्शन’ लिहिलं होतं. आत एकच मशीन. डॉक्टर कुठे आहेत असं मी विचारलं, तर मुलगी म्हणाली, “सर ऑपरेशनमध्ये आहेत, मी ट्रेनिंग घेतलंय काकू.” डोळ्यांवर संरक्षक झाकणं नाहीत, ओल्या कापसाच्या दोन घड्या. गालांवर जेल लावलं आणि फ्लॅश सुरू. माझ्या चपला दारातच होत्या. उठून निघायचं होतं! पण पैसे भरलेले, बाहेर चार बायका बसलेल्या, तमाशा नको म्हणून मी डोळे मिटून पडून राहिले. ती दहा मिनिटं अजून रात्री आठवतात.

‘लेझर’ म्हणून मला जे दिलं ते आयपीएल (इंटेन्स पल्स्ड लाइट) ही खोटी गोष्ट नाही, हे मुद्दाम सांगते. ते लेझर नसतं, प्रखर प्रकाशाचे झोत असतात, आणि पापण्यांतल्या तेलाच्या ग्रंथी तुंबल्या असतील तर काहींना त्याचा उपयोग होतो. पण दोन सिटिंगमध्ये साधारण दोन ते चार आठवड्यांचं अंतर ठेवतात आणि झोत दिल्यावर ग्रंथी दाबून साचलेलं घट्ट तेल काढतात. माझी चारही सिटिंग बारा दिवसांत उरकली. पापणीला कुणी बोटसुद्धा लावलं नाही. आपल्यासारख्या सावळ्या कातडीला भाजण्याचा धोका जास्त, हेही कुणी बोललं नाही. तिसऱ्या सिटिंगनंतर दोन्ही गालांवर तपकिरी चट्टे उठले. आता स्कार्फ धुळीसाठी कमी आणि चट्ट्यांसाठी जास्त बांधते.

पॅकेजमध्ये १२,००० रुपयांचं ‘लिपिफ्लो’ही धरलं होतं. खऱ्या लिपिफ्लोत पापणीच्या आतून उष्णता आणि बाहेरून दाब देतात, बारा मिनिटं, आणि डोळ्याला लावायचा भाग एकदा वापरून टाकून देतात. मला दिली गरम पट्टी. घरी फुकट घेत होते तोच शेक!

शेवटी आमच्या जुन्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं: हे दुखणं आटोक्यात राहतं, मुळापासून जात नाही. क्लिनिकमधले उपचार घेतले तरी रोजचा शेक आणि सफाई सुटत नाही. ‘कायमचं’ हा शब्द ऐकला की तिथून उठा.

पोलीस चौकीत दीड तास बसवून सांगितलं, “मॅडम, हा सिव्हिल मॅटर आहे, तुम्ही सही केलीय.” मग डॉक्टरांवरच्या तक्रारी घेणाऱ्या कचेरीत गेले. तिथे म्हणाले, उपचार करणारी मुलगी डॉक्टरच नाही, मग आम्ही कारवाई कुणावर करणार? अहो, ती डॉक्टर नाही हीच तर माझी तक्रार आहे! तिसऱ्या कचेरीत परवाना कुठल्या विभागाचा यावरच दोन टेबलांची जुंपली. चौथ्या खेपेला साहेब रजेवर. पाच अर्ज, अकरा झेरॉक्स, तीन अर्ध्या रजा, आणि हातात फक्त आवक क्रमांक. भाजलेल्या गालाचा फोटो एकानेही मान वर करून पाहिला नाही.

डोळ्यांवरची झाकणं दिसली नाहीत तर झोपूच नका. लिपिफ्लो घेत असाल तर डिस्पोजेबल भागाचं पाकीट समोर फोडायला लावा. ग्रंथींचा फोटो काढल्याशिवाय पॅकेजचं बोलणं नको. आणि कर्जाचा ओटीपी तिथे बसून कुणालाही देऊ नका, मी दिला. उपचाराचे कागद लेखी मागा, मागितल्यापासून ७२ तासांत ते देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, मुदत दोन वर्षं. उगाच कचेऱ्यांचे उंबरे झिजवण्याआधी हे मला कुणी सांगितलं असतं तर!

आयोगातला अर्ज वकिलांनी तयार केलाय, सोमवारी दाखल होईल. तोवर दर महिन्याच्या ५ तारखेला खात्यातून ३,५०० जाताहेत. अजून पाच हप्ते बाकी आहेत.