जुन्या टूरिंग सायकलला मोटर बसवून आता बरेच महिने झाले, सविस्तर अनुभव

सायकल स्टीलची, ट्रिपल क्रँकवाली (पॅडलपाशी तीन दातेरी चकत्या), मागेपुढे रॅक, अख्खं कोकण तिच्यावर फिरून झालंय. गुडघे कुरकुरायला लागले तसे घरचे मागेच लागले की तयार ई-सायकल घेऊन टाक, दुकानात जाऊन बघितल्याही, पण एकीला पॅनियर (रॅकला अडकवायच्या पिशव्या) नीट बसेना, एकीचे टायर भलतेच जाड, आणि खरं सांगायचं तर मला हीच सायकल हवी होती. म्हणून हिलाच मोटर-बॅटरीचं किट बसवलं.

हब मोटर (चाकाच्या मध्यात बसणारी) की मिड-ड्राइव्ह (पॅडलपाशी बसणारी), हे सगळेच विचारतात. सपाट रस्त्यावर, म्हणजे पाम बीच रोडला वगैरे, हब मोटर मस्त चालते, स्वस्त पण आहे. पण मी राहते ठाण्यात, उपवनवरून येऊरचा चढ रोजचा, आणि सामान लादून घाट चढायचे. हब मोटरला सायकलचे गिअर मिळत नाहीत, तीव्र चढावर चाकाचा वेग पडला की मोटर हळू फिरते, करंट खाते आणि तापते. मिड-ड्राइव्ह क्रँकच्या जागी बसते, तिची ताकद चेनमधून जाते, त्यामुळे मागचा ३४ दात्यांचा गिअर टाकला की मोटर आपल्या मजेत फिरत राहते. चढासाठी घेताय तर मिड-ड्राइव्हच घ्या, यात मला आता काही शंका नाही.

मोटर २५० वॉटचीच घेतली. आपल्याकडे २५० वॉटच्या आत आणि ताशी २५ किमीच्या आत असेल तर रजिस्ट्रेशन, लायसन्स काही लागत नाही, आणि चढाला तेवढी पुरते हो. शंभर किलो वजन सहा टक्के चढावर ताशी १० ने न्यायचं तर साधारण १६० वॉट लागतात, त्यातले निम्मे पायांनी दिले तरी गुडघ्याला कळत नाही.

बॅटरी ३६ व्होल्ट १४ अँपिअर-अवर, म्हणजे ५०० वॉट-अवर. लोक विचारतात किती किलोमीटर जाते, पण घाटवाल्यांनी किलोमीटर नाही, उंची मोजायची. सामानासकट शंभर किलो धरा, ६०० मीटर चढायला नुसती उंची गाठायलाच १६० च्या वर वॉट-अवर, वरून मोटरमध्ये उष्णतेत जातात ते धरले तर दोनशेच्या पुढे. अर्धं काम पायांनी केलं की शंभरात भागतं. कल्याण, मुरबाड, टोकावडे करत माळशेजला गेले तेव्हा टोकावड्यापर्यंत मोटर बंदच ठेवली होती, घाटात दोन नंबरचा असिस्ट (मोटरच्या मदतीची पातळी), वर पोचले तेव्हा निम्म्याहून जास्त बॅटरी शिल्लक! पावसाळ्यात धबधब्यांपाशी थांबत थांबत वर गेले, धाप न लागता, किती वर्षांनी.

आता जे गेलं ते पण सांगते. पुढचे तीन चेनरिंग (पॅडलपाशी असलेल्या त्या चकत्या) जाऊन एकच ४२ दात्यांचा राहिला, चेन एकीवरून दुसरीवर नेणारा पुढचा डिरेलर निघाला. म्हणजे बॅटरी संपली तर जुना हलका गिअर नाही, भरल्या पॅनियरनी घाटात उतरून ढकलायचं. सात किलो वजन वाढलं. फ्रेमच्या त्रिकोणात बॅटरी आल्यामुळे दोन्ही बाटल्या हँडलबारवरच्या पिशव्यांत गेल्या. चेन आणि कॅसेट (मागच्या चाकावरचा गिअरचा संच) आधीपेक्षा लवकर झिजतात, कारण मोटरचा सगळा जोर त्यांच्यावरच.

गिअर बदलायची सवय मात्र नवी लावावी लागते. येऊरच्या वळणावर चढ अचानक वाढतो, तिथे मोटर ओढत असताना गिअर टाकला तर मागे कडाड्कन आवाज येतो आणि चेन तुटायची भीती. म्हणून चढ यायच्या आधीच, अर्धा फेरा पाय सैल सोडायचा, टिक, गिअर बसला की परत जोर द्यायचा. ब्रेक लिव्हरला कटऑफ स्विच असतो, तो किंचित दाबला तरी मोटर थांबते, मी तोच वापरते.

दुसरं, बॉटम ब्रॅकेटवरचा (फ्रेममध्ये क्रँक बसतो ती जागा) लॉकनट, मोटर तिथे पकडून ठेवणारा. मोटर फिरताना स्वतःलाच फिरवायला बघते, त्यामुळे तो हळूहळू ढिला होतो आणि मोटर लटपटते. बसवून देणाऱ्याने तो घट्ट केलाच नव्हता, दुसऱ्याच आठवड्यात करकर सुरू, पाना घेऊन मीच बसले. आता नट आणि केसिंगवरून आडवी नेलपॉलिशची लाल रेघ मारून ठेवलीय, रेघ तुटलेली दिसली की नट हलला. दर राइडच्या आधी एक नजर, बस.

पावसाचं म्हणाल तर वायरींचे जोड खालच्या बाजूला तोंड करून बांधा आणि आत सिलिकॉन ग्रीस भरा. बॅटरी रोज शंभर टक्के भरू नका, ऐंशीला काढा, लांब जायचं असेल तेव्हाच फुल. आणि उन्हात उभ्या गाडीत तर अजिबात ठेवू नका.

पन्नास हजारांच्या घरात गेले सगळे मिळून. फक्त शहरात फिरणाऱ्यांनी एवढा खर्च करू नये, पण जुनी लाडकी सायकल आहे, फ्रेम सरळ आहे, बॉटम ब्रॅकेट साधा ६८ मिमी थ्रेडवाला आहे आणि गुडघ्यांमुळे घाट सुटलेत, त्यांनी जरूर करावं. एक लक्षात ठेवा, एवढी बॅटरी विमानात घेत नाहीत, १६० वॉट-अवरच्या वर बंदीच आहे. लेहला विमानाने जायचं तर किट काढून सायकल पहिल्यासारखी करावी लागणार, तेव्हा जुना क्रँक, डिरेलर, बॉटम ब्रॅकेट भंगारात देऊ नका, तेल लावून कागदात गुंडाळून ठेवा.