‘ये’ म्हटल्यावर येण्यासाठी: १० मीटरची बायोथेन दोरी, काही महिन्यांच्या वापरानंतर

दोरी १० मीटर लांब, १३ मिलिमीटर रुंद, मध्यम चणीच्या कुत्र्यासाठी. बायोथेन म्हणजे पॉलिएस्टरच्या पट्टीवर प्लास्टिकचं आवरण. रोज वापरून मत चांगलं झालं आहे, पण ही दोरी कुत्र्याला खेचून आणण्यासाठी नाही. हाक कानाआड करून पळून जाण्यात जी मजा असते, ती त्याला मिळू नये एवढ्यासाठीच ती आहे.

ती पाणी शोषत नाही, चिखल फडक्याने पुसला की जातो. नायलॉनची दोरी हातातून सर्रकन गेली तर तळवा सोलवटतो. सुती दोरी मऊ असते, पण लवकर वाळत नाही आणि तिला कुबट वास येतो. बायोथेनचा दोष असा की ओली झाल्यावर निसटते. म्हणून दर दीड-दोन मीटरवर गाठ मारावी. दोरीवर पाय ठेवला की गाठ अडते. टोकाचा मुठीचा फास सरळ कापून टाका, झुडपात तोच अडकतो. हुकाच्या स्प्रिंगमध्ये वाळू गेली की त्याची जीभ अर्धवट मिटते आणि ते नुसतं बघून कळत नाही. निघण्याआधी दाबून सोडावी, ‘टक्’ असं वाजलं पाहिजे.

हुक हार्नेसच्या, म्हणजे छाती-पाठीभोवती बसणाऱ्या पट्ट्याच्या, पाठीवरच्या कडीतच लावायचा. गळपट्ट्याला लावला तर धावत्या कुत्र्याचा सगळा हिसका मानेवर येतो. आपोआप गुंडाळली जाणारी दोरी या कामाला नको, तिच्यात सतत ताण राहतो आणि ओढल्यावरच पुढे जाता येतं हे कुत्रा शिकतो.

सुरुवातीला मात्र दोरी लागतच नाही. घरात, कुत्रा समोर असताना, शब्द उच्चारायचा आणि लगेच खाऊ द्यायचा. एका वेळी दहा-बारा वेळा, दोन मिनिटांत संपवायचं. आधी शब्द, मग हात पिशवीकडे. हात आधी हलला तर कुत्रा हातच वाचतो, शब्द त्याच्या लेखी नुसता आवाज राहतो. ‘ये’ म्हणून बोलावून आंघोळ किंवा नखं कापणं झालं असेल, तर तो शब्द खराब झालाय. नवा शब्द घ्या, नाहीतर शिट्टी. शिट्टीत आपला वैताग उतरत नाही.

मग बाहेर, दोरीवर. १० पैकी ८ हाकांना तो वळून येत असेल तरच पुढची पायरी. अंतर वाढवलं तर आजूबाजूची गडबड कमी हवी, गडबड वाढवली तर अंतर कमी. हाक एकदाच मारायची. आला नाही तर पुन्हा ‘ये ये ये’ नको. दोरी हाताने गोळा करत त्याच्याजवळ जा, त्याने पाहिलं की उलट्या पावली मागे सरा. हिसका देऊ नका.

खरी गंमत तो पोचल्यावर असते. बरेच कुत्रे हातभर अंतरावर येऊन थबकतात आणि निसटतात, कारण डोक्यावरून येणारा हात त्यांना नको असतो. खाऊ आपल्या गुडघ्याला टेकवून धरा, दुसऱ्या हाताची बोटं हनुवटीखालून गळपट्ट्यात घाला, मगच खाऊ सोडा. उकडलेल्या चिकनचे वाटाण्याएवढे चार-पाच तुकडे, एकेक करून. मूठभर एकदम दिले तर एकाच घासात बक्षीस संपतं. तेवढं रोजच्या जेवणातून वजा करा. बेदाणे, द्राक्षं, कांदा, चॉकलेट कधीच नको, कुत्र्यांना ती विषारी असतात.

खाऊ झाला की ‘जा’ म्हणून परत हुंगायला सोडा. हे बहुतेक जण विसरतात. दर वेळी बोलावून पट्टा लावला तर हाक म्हणजे खेळ संपला, हे कुत्र्याला चटकन कळतं.

साधारण सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतच्या वयात शिकलेलंही मोडतं. तेव्हा न चिडता दोन पायऱ्या मागे जायचं. दुसऱ्या कुत्र्यांशी मस्ती चालू असेल तेव्हा लांब दोरी काढाच, पायांत गुंतून इजा होते. अर्थात जागा कुंपणाची हवी.

भरवसा वाटू लागला की दोरी जमिनीवर घसटत सोडायची, मग पाच मीटरची, मग दोन मीटरचा तुकडा. खाऊ मात्र दोरी सुटल्यावरही चालू ठेवा. समोरून मांजर पळत असताना तो वळून आला, तर पिशवीतलं सगळ्यात चांगलं त्याच वेळी द्या.